तलवार हाती असताना भय कसे टिकवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्ययुगीन जपानच्या पार्श्वभूमीवर सामुराई नायकाचा एक लहान अ‍ॅक्शन-साहसी गेम आपला गट तयार करीत आहे. त्यात पिशाच्चे आहेत, अमानवी शक्ती आहेत, अंधारलेला किल्ला आहे. मात्र चाचणीसाठी ज्यांना तो खेळायला दिला, ते काही मिनिटांतच निर्धास्त होतात आणि समोर येईल त्याला कापत सुटतात. अशा वेळी नायकाला दुबळे करावे की राक्षसांना अधिक बलाढ्य करावे, असे आपण विचारले आहे.

या दोन्ही उपायांनी गेम अवघड होईल, भयावह होणार नाही. अवघडपणाने खेळाडू चिडतो आणि चिडलेला माणूस घाबरत नाही. सामुराईच्या हाती तलवार असणारच, ती चालवण्याचे समाधानही मिळालेच पाहिजे. रचनाकाराने विचार करायचा तो इतकाच की, त्या तलवारीचे पूर्ण फळ पदरात पाडून घेण्यासाठी खेळाडूला कोणत्या क्षणी स्वतःहून असुरक्षित उभे राहावे लागेल. हा प्रश्न कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘ओनिमुशा : वॉरलॉर्ड्स’ या गेमने २००१ सालीच बऱ्याच अंशी सोडवून ठेवला आहे. गेमची रचना शिकणाऱ्यांना मी अजूनही हाच गेम आधी खेळायला सांगतो, तेव्हा उत्तरही त्याच्याच आधाराने देतो.

या गेमचा उगम लक्षात घेतला तर त्याच्या रचनाकारांपुढील अडचण आपल्यासारखीच होती हे दिसेल. कॅपकॉमचा ‘रेसिडेंट ईव्हिल’ हा हवेलीतील चालत्या प्रेतांचा भयगेम १९९६ मध्ये आला आणि गाजला. तोच साचा सेन्गोकू काळात, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीच्या जपानात नेण्याची कल्पना कंपनीतील योशिकी ओकामोतो यांची. आधुनिक हवेलीच्या जागी सापळ्यांनी भरलेले निन्जांचे घर, असे तिचे आरंभीचे रूप होते. पहिल्या प्लेस्टेशनसाठी सुरू झालेले काम मोडीत काढून प्लेस्टेशन २ साठी नव्याने उभारण्यात आले. निर्माते केइजी इनाफुने आणि दिग्दर्शक जुन ताकेउची यांच्या हाताखाली पूर्ण झालेला हा गेम २५ जानेवारी २००१ रोजी जपानात विक्रीस आला आणि त्या यंत्रावर दहा लाख प्रतींचा टप्पा ओलांडणारा पहिला गेम ठरला.

अडचण अशी की, ‘रेसिडेंट ईव्हिल’मधील भय हे मुळात हिशेबाचे भय आहे. गोळ्या मोजक्या, औषध मोजके, सामान ठेवायला जागा मोजकी. समोरच्या प्रेताला मारावे की त्याला चुकवून पुढे जावे, हा निर्णय प्रत्येक वळणावर घ्यावा लागतो आणि बहुतेक वेळा चुकवणेच शहाणपणाचे ठरते. तलवार आली की हा सारा हिशेब कोसळतो, कारण तलवारीला गोळ्या लागत नाहीत. आपल्या गेममध्ये नेमके हेच घडले आहे. साचा भयकथेचा घेतला, पण टंचाई संपली आणि तिच्या जागी दुसरे काही ठेवले गेले नाही.

‘ओनिमुशा’ने तिथे लोभ ठेवला. नायक सामानोसुके आकेची याला ओनी या अमानवी वंशाकडून एक हस्तत्राण मिळते आणि मारलेल्या प्रत्येक गेन्मा राक्षसाचा आत्मा त्या हस्तत्राणाने शोषून घेता येतो. पिवळ्या आत्म्याने जखमा भरतात, निळ्याने तलवारीची जादू पुन्हा चालू होते आणि लाल आत्मे साठवून तलवारी व मणी यांची ताकद वाढवता येते. विजेची, अग्नीची आणि वाऱ्याची अशा तीन तलवारी आहेत, प्रत्येकीचा एक मणी आहे, आणि किल्ल्यातील मुद्राबंद दारे त्या त्या मण्याची पातळी पुरेशी वाढल्याशिवाय उघडत नाहीत. येथे ‘रेसिडेंट ईव्हिल’चा हिशेब पूर्णपणे उलटला आहे. तिथे शत्रूला टाळणे फायद्याचे होते, येथे शत्रूला टाळणारा खेळाडू मागे पडतो आणि पुढे बंद दारासमोर अडकतो. त्याला स्वतःहून राक्षसाकडे चालत जावे लागते.

पण खरी मेख पुढे आहे. आत्मा आपोआप खिशात येत नाही. राक्षस कोसळला की तो हवेत तरंगत राहतो आणि थोड्या वेळाने विरून जातो. तो मिळवायचा तर बटण दाबून धरावे लागते, सामानोसुके हात पुढे करून जागीच उभा राहतो, आणि तेवढा वेळ त्याला ना वार करता येतो ना बचाव. तीन राक्षसांपैकी एक पडला आहे, दोघे चालून येत आहेत, पडलेल्याच्या अंगातून पिवळा प्रकाश निघाला आहे आणि आपले रक्त उतरणीला लागले आहे, अशा प्रसंगाची कल्पना करा. बटण सोडायचे कधी? हा प्रश्न गेम प्रत्येक चकमकीत विचारतो, आणि त्याचे उत्तर दर वेळी वेगळे असते. खेळाडूकडे शक्ती भरपूर आहे, तिला खर्चही लागत नाही, फक्त तिचे फळ वेचण्याच्या क्षणी तो उघडा पडतो. विजयाचा आणि धोक्याचा क्षण एकच करून टाकणे, ही या रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे असे माझे मत आहे. आपल्या गेममध्ये राक्षस मेल्याबरोबर गुण आपोआप जमा होतात. त्यामुळे प्रत्येक मृत्यूनंतर खेळाडू निःश्वास सोडतो, आणि एकदा त्याला निःश्वास सोडायची सवय लागली की भयाचे काम संपले.

दुसरी गोष्ट ‘इस्सेन’. शत्रूचा वार अंगावर येऊन पोहोचण्याच्या अगदी नेमक्या क्षणी आपण वार केला, तर एका लखलखाटात साधा राक्षस जागच्या जागी संपतो. वर्णनाला हे सोपे आहे, करायला नाही. त्यासाठी ढाल म्हणून तलवार आडवी धरता येत नाही, मागे सरता येत नाही, आधी वार करता येत नाही. उगारलेले पाते खाली येताना पाहत स्तब्ध उभे राहावे लागते. भीतीने शरीर जे करायला सांगते, त्याच्या नेमके उलट वागणाऱ्याला गेम सर्वांत मोठे बक्षीस देतो. तलवारीच्या द्वंद्वाविषयी आपण जे वाचलेले असते, की जिंकणारा तो जो शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही, ते येथे कथेतून सांगितलेले नाही, ते अंगठ्याला शिकवलेले आहे. पुढील भागांत या घावांची साखळी जोडण्याची सोय आली आणि खेळ अधिक देखणा झाला. तथापि एकेका इस्सेनसाठी श्वास रोखून थांबण्याची पहिल्या भागातली धास्ती त्यात काहीशी पातळ झाली, असे मला वाटते.

हे आपण करू पाहाल तर आकड्यांकडे लक्ष द्यावे लागेल. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणारी चित्रे, धरल्या, तर ६ फ्रेमची संधी म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. दिसलेल्या गोष्टीला हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारणपणे सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो, त्यात टीव्हीच्या पडद्याचा विलंब मिळवावा लागतो. म्हणजे वार उगारण्याचे अ‍ॅनिमेशन या सगळ्याच्या बेरजेहून बरेच लांब आणि दर वेळी ओळखू येईल असे हवे. संधी लहान ठेवा, पण तिची चाहूल मोठी ठेवा. चाहूलच अपुरी असेल तर खेळाडू भीत नाही, तो नशिबाला बोल लावतो. चाहुलीसाठी आवाजाचाही उपयोग करा, कारण आवाजाला माणूस दृश्यापेक्षा किंचित लवकर प्रतिसाद देतो, आणि अंधाऱ्या दालनात पाते म्यानातून निघाल्याचा आवाज दिसणाऱ्या राक्षसापेक्षा अधिक परिणाम करतो.

काएदेविषयीही लिहिले पाहिजे, कारण ती युक्ती लहान गटाला सहज परवडणारी आहे. काएदे ही सामानोसुकेची निन्जा साथीदार आणि गेमच्या काही भागांत खेळाडूला तीच चालवावी लागते. तिच्याकडे हस्तत्राण नाही, त्यामुळे तिने मारलेल्या राक्षसांचे आत्मे डोळ्यांदेखत विरून जातात. तोपर्यंत लोभाची सवय लागलेल्या खेळाडूला एकाएकी कळते की या लढाईतून मिळणार काहीच नाही, गमावण्यासारखे मात्र सगळे आहे. मग तो दारे चुकवू लागतो, वाटा बदलू लागतो, म्हणजे ‘रेसिडेंट ईव्हिल’मधला जुना घाबरट खेळाडू पुन्हा जागा होतो. नवे राक्षस नाहीत, नवी दालनेही फारशी नाहीत, केवळ एक सोय काढून घेतली आणि तोच किल्ला निराळा झाला. नायकाला दुबळे करण्याचा आपला विचार अशा मर्यादित रूपात, आणि खेळाडूला शक्तीची चव लागल्यानंतर, जरूर अमलात आणावा.

आता कॅमेऱ्याविषयी. ‘ओनिमुशा’तील दालने ही आधीच रंगवून ठेवलेली स्थिर चित्रे आहेत, त्यांवर पात्रे हालतात, आणि कॅमेरा ठरलेल्या जागांवरूनच पाहतो. त्या काळी हा उपाय यंत्राच्या मर्यादेमुळे प्रचारात आला. मात्र त्यातून भयाला उपयोगी पडणारी एक गोष्ट आपसूक मिळाली. काय दिसावे आणि काय दिसू नये, हे रचनाकाराच्या हाती राहिले. ओसरीच्या टोकाला पोहोचेपर्यंत वळणापलीकडचे दिसत नाही, पावले मात्र ऐकू येतात. खांद्यामागून फिरणाऱ्या मोकळ्या कॅमेऱ्यात खेळाडू हातातल्या कंट्रोलरवरील काठी फिरवून कोपरा आधीच तपासून घेतो आणि आपला सगळा बेत वाया जातो. याची किंमतही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पडद्याबाहेरील शत्रूने केलेला वार हा भयाचा नव्हे, अन्यायाचा अनुभव देतो, आणि ‘ओनिमुशा’त असे अनेकदा घडते. इस्सेनसारखी अचूकता मागणाऱ्या गेममध्ये तर हा दोष अधिकच बोचतो. माझा सल्ला असा की, शत्रू दिसण्यापूर्वी ऐकू यावा, पण त्याचा वार सुरू होण्यापूर्वी तो चौकटीत आलेला असावा, एवढा एक नियम कटाक्षाने पाळावा.

मूळ गेममध्ये वरचे बटण म्हणजे नेहमी पात्राच्या पुढची दिशा, मग कॅमेरा कुठूनही पाहत असो. नव्या खेळाडूंना हे विचित्र वाटते, परंतु दृश्य बदलले तरी चाल बिघडत नाही हा त्याचा गुण होता. जपानात डिसेंबर २०१८ मध्ये आणि इतरत्र जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या रिमास्टरमध्ये, म्हणजे त्याच गेमच्या सुधारित आवृत्तीत, काठीने कोणत्याही दिशेला चालण्याची सोय आली, चित्र रुंद झाले. पात्र सहज वळू लागल्यामुळे लढाई सुसह्य झाली हे खरे, आणि त्याच प्रमाणात राक्षसांचा वेढा सैल झाला हेही खरे, कारण मुळातील राक्षसांचा वेग अवघडून वळणाऱ्या नायकाच्या मापाने ठरवलेला होता. आपण स्थिर कॅमेरा आणि मोकळी चाल एकत्र वापरणार असाल, तर दृश्य बदलल्यावरही खेळाडूने काठी सोडेपर्यंत जुनीच दिशा कायम ठेवावी, अन्यथा प्रत्येक दारात पात्र उलटे फिरेल.

रिमास्टरमध्ये संगीतही बदलले आहे. मूळ संगीत मामोरू सामुरागोची यांच्या नावावर होते. ते प्रत्यक्षात ताकाशी निइगाकी यांनी लिहिले असल्याचे २०१४ मध्ये उघड झाले आणि जपानात मोठा गदारोळ उडाला. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ खेळून पाहण्याचे कारण मात्र निराळे आहे. तीच दालने, तेच राक्षस आणि संगीत दुसरे, अशी तुलना रचनाकाराला क्वचितच आयती मिळते.

भयाचा आणखी एक झरा इतिहासात आहे, आणि येथे मात्र आपण या गेमची सरळ नक्कल करू नये. कथा सुरू होते १५६० च्या ओकेहाझामाच्या लढाईने. इतिहासात त्या दिवशी ओदा नोबुनागा या सरदाराने अत्यंत लहान सैन्यानिशी इमागावा योशिमोतोचा पराभव केला, त्यात योशिमोतो मारला गेला आणि नोबुनागाचा उदय झाला. गेममध्ये विजयाच्या क्षणीच नोबुनागाच्या गळ्यात बाण घुसतो आणि तो मरतो. वर्षभराने साइतो घराण्याच्या इनाबायामा किल्ल्यातून माणसे नाहीशी होऊ लागतात, राजकन्या युकी सामानोसुकेला पत्र पाठवते, आणि मेलेला नोबुनागा राक्षसांच्या साहाय्याने परत आल्याचे कळते. मराठी माणसाला प्रतापगडावर काय घडले हे सांगावे लागत नाही, तसे जपानी खेळाडूला ओकेहाझामा सांगावे लागत नाही. त्यामुळे तो बाण लागताच आपल्या माहितीतले जगच फाटले, असा धक्का त्याला बसतो. शिवाय १५८२ मध्ये होन्नो-जी मंदिरात नोबुनागावर उलटणारा आकेची मित्सुहिदे त्याला ठाऊक असतो. नायकाचे आडनाव आकेची आहे एवढ्यावरूनच पुढच्या अनर्थाची सावली त्याला दिसू लागते. सामानोसुके हे पात्रसुद्धा आकेची हिदेमित्सू या खऱ्या योद्ध्यावरून घेतले आहे, ज्याने घोड्यावरून बिवा सरोवर पार केल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे.

नोबुनागाला राक्षसांचा सोबती करण्यातही निव्वळ मनमानी नाही. हिएई पर्वतावरील एन्र्याकुजी हे बौद्ध मठांचे मोठे केंद्र त्याने १५७१ मध्ये जाळले. त्याने स्वतःला ‘सहाव्या स्वर्गाचा मारराजा’ (मार म्हणजे बौद्ध कथांतील दैत्य) म्हणवून पत्राखाली सही केल्याची हकिकत लुईस फ्रोइस या पोर्तुगीज जेझुइट मिशनऱ्याच्या पत्रात आहे. अमानवी कल्पना अशा खऱ्या कलंकावर रोवली की ती घट्ट बसते. उलट, गिल्डनस्टर्न, फोर्टिनब्रास, मार्सेलस ही गेन्मांची नावे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधून उचलली आहेत. जपानी किल्ल्यात ती नावे ऐकताना परकेपणाचा एक शहारा येतो खरा, पण शेक्सपिअर वाचलेल्याला त्याच जागी हसूही येऊ शकते. आपल्या मराठी खेळाडूंना सेन्गोकू काळ माहीत नसणार. तेव्हा ज्या वस्तुस्थितीला पुढे तडा द्यायचा आहे, ती गेमच्या पहिल्या भागातच साधेपणाने प्रस्थापित करा. किल्लेदार मेलेला आहे हे खेळाडूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असेल, तरच तासाभराने त्याचा आवाज ऐकून त्याच्या अंगावर काटा येईल.

नंतरच्या गेमनी याच प्रश्नाला दिलेली उत्तरेही पाहून ठेवावीत. टीम निन्जाच्या २०१७ मधील ‘निओह’त प्रत्येक वाराला दम खर्च होतो, आणि योकाई, म्हणजे जपानी लोककथांतील पिशाच्चे, जिथे काळोखाचे डबके पसरवतात तिथे तो दम फार हळू भरून येतो. वारानंतर योग्य क्षणी बटण दाबले तर दम परत मिळतो आणि डबकेही विरते. म्हणजे येथे भय जमिनीवर पसरलेले आहे. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या २०१९ मधील ‘सेकिरो’त काही प्रेतात्म्यांसमोर दहशतीची पट्टी भरत जाते आणि पूर्ण भरताच मृत्यू येतो. ‘निओह’चा मार्ग मला अधिक पटतो. दहशत पट्टीवर मोजून दाखवली की खेळाडू प्रेतात्म्याकडे पाहणे सोडून पट्टीकडे पाहू लागतो. ‘ओनिमुशा’ मालिकाही थांबलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘वे ऑफ द स्वोर्ड’ हा भाग जाहीर झाला, आणि त्यातील मियामोतो मुसाशी या प्रसिद्ध तलवारबाजाला अभिनेते तोशिरो मिफुने यांचा चेहरा दिला आहे. पहिल्या भागातही सामानोसुकेला अभिनेते ताकेशी कानेशिरो यांचे रूप आणि आवाज होता. आपल्या गटाने अभिनेत्यांचे चेहरे घेण्याच्या या वाटेला जाण्याचे कारण नाही.

आता आपल्या प्रोटोटाइपकडे वळतो. एकच दालन घ्या, तीन राक्षस ठेवा आणि संगीत बंद करा. मृत राक्षसातून निघणारे तेज वेचण्यासाठी दोन सेकंद बटण धरून ठेवावे लागेल असे करा, आणि चार-पाच सेकंदांत ते विरून जाऊ द्या. नायकाचे रक्त भरून काढण्याचा दुसरा कोणताही मार्ग त्या दालनात ठेवू नका. इस्सेनसारख्या उलट वाराची संधी प्रथम १० फ्रेम ठेवा, खेळणाऱ्यांचा हात बसला की कमी करा. खेळताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहण्यापेक्षा वेचण्याच्या बटणाची नोंद ठेवा. ते बटण मध्येच सोडले जात असेल, पुन्हा धरले जात असेल, तर धास्ती तयार झाली आहे. कोणीही ते मध्ये सोडत नसेल, तर राक्षसांची ताकद आहे तशीच राहू द्या आणि दुसरा राक्षस पहिल्याच्या किती मागून चालत येतो, ते अंतर कमी करून पाहा.